क्रंबच्या आधी सेगर बघ
अरे तू डायरेक्ट अमेरिकन कार्टूनिस्ट रॉबर्ट क्रंबची चित्रं कॉपी करायला घेतलीस ते ठीकाय, पण माझं ऐक, आधी त्याच्या मागचे लोक बघ. १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्याचं झॅप कॉमिक्स आलं तेव्हा ते लोकांना एकदम नवं वाटलं, पण ते मोठाले बूट, रबरासारखे हातपाय, हे सगळं जुन्या अमेरिकन पेपरांतल्या स्ट्रिप्समधून आलंय. ई. सी. सेगरचा पॉपाय घे, ॲनिमेशनवाला नाही हं, १९२९ पासूनचा पेपरातला, त्यातली माणसं कशी उभी राहतात, वजन कुठल्या पायावर असतं ते नीट बघ. मग हार्वी कर्ट्झमन, हा तर मस्टच, १९५२ ला मॅड हे विडंबनाचं कॉमिक यानेच सुरू केलं आणि पुढे याच्याच हेल्प मासिकात क्रंब आणि त्याच्याच पिढीतला कार्टूनिस्ट गिल्बर्ट शेल्टन दोघांचं काम छापून आलं, म्हणजे नुसती स्टाईल नाही, या पोरांना त्याने प्रत्यक्ष जागा दिली, मला हे फार मोठं वाटतं. जुना कार्टूनिस्ट बेसिल वुल्व्हर्टन, त्याचे विचित्र चेहरेपण सोडू नकोस. आणि शेडिंग नंतर रे, आधी बारीक रेघांचं जाळं न टाकता नुसत्या आउटलाइनमध्ये सेगरचं एक अख्खं पान काढ आणि मला दाखव.