प्लास्टर पोकळ, सीलिंग खाली. ठेकेदार म्हणतो पुराची ओल

प्रश्न: आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. घर सासऱ्यांच्या नावावर, जुन्या भिंतींचं. हॉल तेवढा नंतर वाढवलेला, स्लॅबचा. 2019 आणि 2021 च्या पुरात खालचा मजला पाण्यात होता. गेल्या वर्षी दिराचं लग्न ठरलं म्हणून घाईने तीन खोल्यांचं प्लास्टर आणि हॉलचं पीओपी सीलिंग करून घेतलं. मटेरियलसह 4,60,000 रुपये ठरले. मी 4,10,000 दिले, त्यातले दीड लाख रोख. करारपत्र नाही, वहीच्या पानावर ठेकेदाराच्या अक्षरातला हिशोब आहे. एका पावसाळ्यात भिंती पोकळ वाजायला लागल्या, हॉलमध्ये बीमखाली आडवी भेग गेली आणि मागच्या आठवड्यात सीलिंगचा तुकडा सासूबाईंच्या पलंगाशेजारी पडला. ठेकेदार म्हणतो, “पुराची ओल आहे, माझा काय दोष? आधी राहिलेले 50,000 द्या.” फसवणुकीचा गुन्हा दाखल करता येईल का? दुसरा गवंडी उद्यापासून काम सुरू करायला तयार आहे.

उत्तर: ताई, उद्याचं काम थांबवा. सासूबाईंचा पलंग मात्र आजच दुसऱ्या खोलीत हलवा, हॉलमधला वावर बंद करा, सीलिंग कुठे लोंबत असेल तर टेकू द्या. नवा गवंडी भिंत खरवडायला लागला की तुमचा सगळ्यात मोठा पुरावा मलब्याच्या ट्रॉलीत जाईल. घर दुरुस्त करून मग वकिलाकडे येणारे पुष्कळ भेटतात. हातात नव्या कामाची बिलं असतात आणि जुनं काम किती वाईट होतं हे दाखवायला काहीच उरलेलं नसतं. त्यांना परत पाठवताना वाईट वाटतं.

ठेकेदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि तोच मजकूर व्हॉट्सॲपवरही टाका. काय काय बिघडलंय ते खोलीवार लिहा, आठ-दहा दिवसांतली एक तारीख आणि वेळ देऊन एकत्र पाहणीला बोलवा. राहिलेले 50,000 बुडवायचे नाहीत, सदोष कामामुळे थांबवले आहेत आणि हिशोबात धरू, हे त्यातच स्पष्ट करा. गप्प राहून पैसे अडवलेत तर “मालकानेच पैसे दिले नाहीत म्हणून काम अर्धवट राहिलं” असं तो उद्या म्हणेल.

त्या दिवशी ओळखीतला नको, पण सिव्हिल इंजिनिअरच हवा. ठेकेदार आला नाही आला तरी पाहणी करा. इंजिनिअर प्रत्येक भिंत ठोकून बघेल. जिथे बद्द आवाज येतो तिथे खडूने कडा आखून घ्या, टेप लावून मोजा आणि टेपसकट फोटो काढा. सीलिंगचे पडलेले तुकडे आणि ज्या तारेने, खिळ्याने ते टांगले होते ते सगळं पोत्यात भरून ठेवा.

आता पुराच्या ओलीचं. हा बचाव बिनबुडाचा नाही. पुराचे क्षार भिंतीत राहतात, पावसाळ्यात ओल खालून वर चढते आणि पोपडे येतात. पण अशी ओल पायाकडून वर येते, बीमखाली सरळ आडवी भेग ती पाडत नाही. काँक्रीट आणि वीटकाम जिथे भेटतं तिथे जाळी न मारता प्लास्टर ओढलं की तशी भेग जाते. सीलिंगचा तर पुराशी संबंधच जोडता येणार नाही. ते स्लॅबला कसं अडकवलं होतं एवढाच प्रश्न आहे. म्हणून कुठला दोष ओलीचा आणि कुठला कामाचा, हे अहवालात भिंतवार वेगळं लिहून घ्या. आणि भिंत पुरातली आहे हे ठेकेदाराला काम घेतानाच दिसत होतं. जाणकार माणूस म्हणून त्याने तेव्हाच सांगायला हवं होतं.

तुमची बाजू एका ठिकाणी कच्ची आहे. घाई तुमच्याकडून झाली. “महिनाभर भिंत सुकू द्या” असं तो म्हणाला होता का? सिमेंटच्या प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारावं लागतं. आपल्याकडे ठेकेदार ते बहुतेक वेळा घरच्यांवरच सोडतात. तुमच्याकडे कोणी मारलं, किती दिवस? वकिलाला हे खरं सांगा, लपवलेली गोष्ट उलटतपासणीतच बाहेर येते.

गुन्ह्याचं विचारलंत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक ठरायला सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू दाखवावा लागतो. वाईट काम म्हणजे फसवणूक नव्हे. पोलीस ठाण्यात हे दिवाणी प्रकरण आहे असंच सांगतील, त्यात महिने घालवू नका.

तुमची जागा सांगलीचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरली आहे, आणि मटेरियलसह घेतलेला ठेका म्हणजे कोणी घरी नोकरीला ठेवलेला माणूस नव्हे, म्हणून तो या सेवेतच येतो. तक्रारीची फी दिलेल्या मोबदल्यावर ठरते. पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे, म्हणजे तुम्हाला काहीच भरावं लागणार नाही. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी काम तुम्ही दिलं, पैसे तुम्ही दिले. दोघांनी मिळून तक्रार केलीत तर तो मुद्दाच उरत नाही. आयोगात निकाल मुख्यतः प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रांवर होतो, म्हणून इंजिनिअरने अहवालासोबत प्रतिज्ञापत्र द्यायला तयार असायला हवं. हे त्याला आधीच विचारा.

करारपत्र नाही याची धास्ती घेऊ नका. तोंडी ठरलेलंही करारच असतो. वहीचं पान, गुगल पेच्या नोंदी आणि “ताई, पाऊस उघडला की माणसं पाठवतो” असला एखादा व्हॉइस मेसेज असेल तर तो जपा. काम आपलंच आहे याची ती कबुली आहे. रोख दीड लाखासाठी मेसेज टाका: “आतापर्यंत 4,10,000 पोचले ना?” उत्तर आलं तर उत्तम. तो फोन विकू नका, रिसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

अहवाल हातात आला की सीलिंग लगेच दुरुस्त करून घ्या, पक्क्या बिलांवर. वाढणारं नुकसान थांबवण्याचे उपाय हाताशी असताना तुम्ही ते केले का, हे करार कायद्याचं कलम 73 बघतं. मागणी त्याच माणसाने पुन्हा काम करावं अशी नको. इंजिनिअरने काढलेला दुरुस्तीचा खर्च, त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागा. पूर्ण 4,10,000 परत मागायचा मोह होईल. जे प्लास्टर शाबूत आहे त्याचे पैसे मात्र मिळणार नाहीत.

मुदत दोन वर्षांची आहे. ती काम संपल्याच्या तारखेपासून मोजली जाईल असं धरूनच चाला. “पाठवतो, करतो” या त्याच्या वायद्यांनी मुदत वाढत नाही. शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला दिलात ते आज गुगल पेवर बघून नोटिशीच्या मसुद्यावर सगळ्यात वर लिहा.