रिप्ले असूनही अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये पंचांवरून एवढे वाद का होतात?

तुम्ही विचारलंय की क्रिकेटमध्ये डीआरएस आल्यावर बरीच भांडणं मिटली, मग अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये प्रत्येक खेळी चहूबाजूंनी टिपली जात असताना दर शनिवारी पंचांच्या नावानं शिमगा का होतो? मी कोलंबसला, ओहायो स्टेटमध्ये एमएस केलं. तिथेच हा खेळ अंगात भिनला आणि अजून उतरलेला नाही, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आपण घरी टीव्हीपुढे बसून एकच गोष्ट शोधत असतो : नक्की काय झालं? रिप्ले पंचाचं काम त्याहून वेगळं आहे. मैदानावरच्या पंचानं दिलेला निर्णय चुकीचा आहे हे निर्विवाद दिसतंय का, एवढंच त्यानं पाहायचं. दिसलं तर निर्णय फिरवायचा, शंका उरली तर पहिलाच कायम. आपल्या 'अंपायर्स कॉल'सारखंच, पण इथे चेंडूचा मार्ग दाखवणारं यंत्र नाही. माणसानं चित्र पाहून ठरवायचं. सगळ्या वादांची मुळी मला इथे दिसते.

एक प्रसंग सांगतो. २६ नोव्हेंबर २०१६, ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन. माझा मावसभाऊ तेव्हा अ‍ॅन आर्बरला, म्हणजे मिशिगन विद्यापीठात शिकत होता आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत माझ्याकडे आला होता. सामना आमच्या गावात, पण तिकिटं परवडणारी नव्हती. सकाळी पोहे करून आम्ही टीव्हीपुढे बसलो ते चार वाजेपर्यंत उठलो नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच : संघाला १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. चारात १० यार्ड झाले की पुन्हा नवे चार, नाही झाले तर चेंडू समोरच्याकडे. बरोबरी झाली की जादा डावात दोन्ही संघांना आळीपाळीनं २५ यार्डांवरून सुरुवात करून दिली जाते.

दुसऱ्या जादा डावात मिशिगननं फील्ड गोल (खांबांमधून चेंडू किक करणं, तीन गुण) मारून २७-२४ केलं. मग ओहायोची पाळी. तीन डाउन झाले, एक यार्ड उरला. फील्ड गोल मारून बरोबरी करता आली असती, पण आमच्या किकरनं त्या दिवशी दोन सोप्या किक हुकवल्या होत्या. प्रशिक्षक अर्बन मेयर यांनी चौथ्या डाउनवर किक न मारता तो यार्ड काढायचं ठरवलं. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल चालवणारा खेळाडू, जे. टी. बॅरेट चेंडू घेऊन डावीकडे पळाला, आपल्याच खेळाडूच्या पाठीवर आदळला आणि पडला. चेंडूचं टोक १५ यार्डांच्या रेषेला लागायला हवं होतं. पंचानं चेंडू ठेवला तो बरोबर रेषेला टेकवून. रिव्ह्यू झाला, निर्णय कायम राहिला. पुढच्याच खेळीत कर्टिस सॅम्युएल १५ यार्ड पळून टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं, सहा गुण) करून आला. ३०-२७, सामना संपला.

बाहेर रस्त्यावर आरडाओरडा चालला होता आणि आत मावसभाऊ लॅपटॉपवर ती खेळी थांबवून थांबवून बघत होता. टेबलावरची फूटपट्टी त्यानं पडद्यावर आडवी धरली, १५ च्या रेषेवर. चेंडू बॅरेटच्या कुशीत, वर दोन-तीन अंगं पडलेली, आणि कॅमेरा तिरका, त्यामुळे रेषाही तिरकी. फूटपट्टी केसभर इकडे सरकवली की चेंडू पोचलेला, केसभर तिकडे सरकवली की नाही. तो मिशिगनचा, मी ओहायोचा, पट्टी एकच. रात्री जेवतानाही ती खिडकी उघडीच होती.

मला त्या रात्री जे कळलं ते असं : पंचानं चेंडू चार बोटं मागे ठेवला असता, तर रिप्लेमध्ये तोही निर्णय कायम राहिला असता. तीच चित्रं, तोच नियम, आणि निकाल उलटा. अशा वेळी रिप्ले काहीही ठरवत नाही. गर्दीत उभ्या असलेल्या एका माणसानं क्षणात जे पाहिलं तेच सामना ठरवतं आणि वर आपल्याला वाटत राहतं की यंत्रानं तपासून दिलं. मिशिगनचे प्रशिक्षक जिम हार्बो पंचांवर जाहीरपणे बरसले, त्याबद्दल बिग टेननं, म्हणजे हे दोन्ही संघ ज्या विद्यापीठांच्या गटात (कॉन्फरन्समध्ये) खेळतात त्यानं, मिशिगनला १०,००० डॉलर दंड केला. त्यांचा राग मला आजही समजतो, आणि हे मी ओहायोचा असून म्हणतोय.

क्रिकेटशी तुलना इथेच तुटते. टीव्ही पाहून बाद दिला गेलेला पहिला फलंदाज आपला सचिन. नोव्हेंबर १९९२, डर्बन, धावबाद. तिथे कॅमेरा क्रीजच्या सरळ रेषेत, रेषा रंगवलेली, बॅट जमिनीवर उघडी दिसणारी. असा प्रश्न रिप्ले उत्तम सोडवतो. फुटबॉलमध्येही झेल घेताना पाय सीमारेषेच्या आत होता का, चेंडू जमिनीला लागला का, अशा ठिकाणी रिप्लेनं अनेक संघांना न्याय दिलाय. २००४ साली बिग टेननं प्रयोग म्हणून तो आणला, पुढच्या वर्षी बाकीच्या बहुतेक कॉन्फरन्सही आल्या. तो नकोच असं मी म्हणणार नाही. पण ढिगाऱ्याखालचा चेंडू त्याला दिसत नाही.

काही गोष्टी तर त्याला पाहण्याचीच परवानगी नाही. पास इंटरफिअरन्स, म्हणजे झेल घेणाऱ्याला आधीच धरणं किंवा ढकलणं, रिव्ह्यूत येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑस्टिनला टेक्सस विरुद्ध जॉर्जिया सामन्यात टेक्ससच्या खेळाडूनं चेंडू मधल्यामध्ये पकडला, पण पंचानं त्याच्यावर हाच फाउल दिला. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या. मैदान साफ होईपर्यंत पंचांनी आपसात चर्चा केली आणि फाउल मागे घेतला. मूळ निर्णय चुकीचा होता असं मलाही वाटतं. पण तो बाटल्या पडल्यानंतर फिरला हे सगळ्या देशानं पाहिलं. या दोन्ही संघांच्या कॉन्फरन्सनं, एसईसीनं, टेक्ससला अडीच लाख डॉलर दंड केला. सामना जॉर्जियानंच ३०-१५ जिंकला, नाहीतर तो वाद अजून पेटलेला असता.

मात्र मला सगळ्यात जास्त सलतो तो ओक्लाहोमा स्टेट आणि सेंट्रल मिशिगनचा सामना, १० सप्टेंबर २०१६. ओक्लाहोमा स्टेट २७-२४ नं पुढे, चार सेकंद शिल्लक, चौथा डाउन. क्वार्टरबॅकनं वेळ संपावी म्हणून चेंडू लांब बाहेर फेकून दिला. घड्याळ शून्यावर आलं. पंचांनी त्याला इंटेन्शनल ग्राउंडिंगचा, म्हणजे कोणी पकडायला नसताना चेंडू मुद्दाम फेकून देण्याचा, फाउल दिला, इथवर ठीक. पण मग त्यांनी सेंट्रल मिशिगनला वेळ संपल्यावरही एक जादा खेळी दिली. नियमात स्पष्ट आहे की ज्या फाउलच्या शिक्षेत डाउन जातो, त्याच्यासाठी वेळ वाढवायचा नाही. म्हणजे सामना संपला होता. त्या न मिळायला हव्या असलेल्या खेळीत लांब पास गेला, पकडणाऱ्यानं पडता पडता चेंडू बाजूच्या खेळाडूकडे टाकला, तो पळत टचडाउनला पोचला. ३०-२७.

इथे ढिगारा नव्हता, तिरका कॅमेरा नव्हता. नियमाचं पुस्तक उघडलं की उत्तर मिळत होतं, आणि वर रिप्लेच्या खोलीत बसलेल्यांना खेळ थांबवून ते सांगता आलं असतं. कोणी सांगितलं नाही. मैदानावरच्या आणि रिप्लेच्या पंचांना दोन-दोन आठवडे घरी बसवलं. चूक झाली हे कबूल केलं. निकाल तोच राहिला.

हे असंच होतं. २०१५ मध्ये ड्यूक विरुद्ध मायामी सामन्यात शेवटच्या किकवर मायामीनं आठ वेळा चेंडू मागे फेकत टचडाउन केला. रिव्ह्यू जवळजवळ नऊ मिनिटं चालला, आणि एवढं पाहूनही एका खेळाडूचा गुडघा टेकला होता, म्हणजे खेळी तिथेच संपली होती, हे नजरेतून सुटलं. पंच निलंबित, निकाल कायम. २००६ मध्ये ओरेगनच्या खेळाडूनं ऑनसाइड किकला (चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली छोटी किक) ती १० यार्ड जाण्याआधीच हात लावला होता, जे नियमात बसत नाही. रिप्लेमध्येही ते निसटलं आणि ओक्लाहोमा ३४-३३ नं हरलं. विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड बोरेन यांनी सामना नोंदींतून काढा म्हणून पत्र लिहिलं. उपयोग शून्य. उलट त्या रिप्ले पंचाला धमक्यांचे फोन आले, जे मला कुठल्याही चुकीच्या निर्णयापेक्षा वाईट वाटतं. हे पंच बहुतेक इतर नोकऱ्या सांभाळून शनिवारी उभे राहतात. नेमणूक कॉन्फरन्सची, चूक झाली तर चौकशीही तीच करणार. देशभरासाठी एक पंचमंडळ नाही. आणि हंगामात साधारण १२ सामने, त्यामुळे एका पराभवानं वर्षाची मेहनत वाया जाऊ शकते. लोक का पेटतात हे त्यातून समजतं.

माझं स्पष्ट मत : अंदाजाच्या चुका, म्हणजे चेंडू कुठे होता, धक्का लागला का, या खेळाचाच भाग म्हणून सोसाव्या. पण मोजण्याच्या आणि नियमाच्या चुकीनं शेवटच्या खेळीत निकाल फिरला असेल, तर तो निकाल बदललाच पाहिजे.

हे अशक्य आहे असं कोणी म्हटलं की मी दोन सामने सांगतो. ६ ऑक्टोबर १९९०, कोलोरॅडो विरुद्ध मिझुरी. दुसऱ्या डाउननंतर टाइमआउट झाला आणि डाउन दाखवणारी पाटी उलटायची राहिली. एवढ्या एका पाटीमुळे कोलोरॅडोला पाचवा डाउन मिळाला. त्यावर त्यांनी टचडाउन केला आणि ३३-३१ नं जिंकले. मिझुरीनं दाद मागितली, ती फेटाळली गेली. कोलोरॅडोनं विजय ठेवून घेतला, आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेतेपदातही वाटा मिळवला.

दुसरा त्याच्या ५० वर्षं आधीचा. १६ नोव्हेंबर १९४०, कॉर्नेल विरुद्ध डार्टमथ. कॉर्नेल त्याआधी सलग १८ सामने अपराजित होतं. शेवटच्या क्षणी टचडाउन करून त्यांनी ७-३ नं सामना घेतला. नंतर फिल्म धुऊन आली, खेळ्या मोजल्या, तर तो टचडाउन पाचव्या डाउनवर झाला होता. पंच रेड फ्रिसेल यांनी चूक मान्य केली, पण निकाल बदलायचा अधिकार त्यांच्या हातात नव्हता. कॉर्नेलनं डार्टमथला तार केली आणि विजय सोडला. डार्टमथनं तो स्वीकारला. आजही नोंदीत तो सामना डार्टमथ ३, कॉर्नेल ० असाच आहे.