वाचक विचारतात : विशेष गरजांच्या मुलांसाठीचा पैसा शाळेत येतो कुठून?

प्रश्न : मुलगा तिसरीत, अनुदानित मराठी शाळेत आहे. त्याला कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र आणि विशेष शिक्षकाबद्दल विचारलं, तर मुख्याध्यापक म्हणतात, ‘त्यासाठी आम्हाला अनुदानच नाही.’ हे खरं आहे का?
– एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : अर्धं खरं आहे. शाळेला पगाराचं आणि थोडं वेतनेतर अनुदान मिळतं. तुमच्या मुलासाठीची रक्कम शाळेच्या खात्यात येत नाही. ती समग्र शिक्षा योजनेत असते. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. तरतूद दर मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत. ही रक्कम पालकांच्या हातात देत नाहीत. तपासणी शिबिरं, साधनं, थेरपी यांवर एकत्रित खर्च होते. खात्यावर थेट येतात ते प्रवास आणि मदतनीस भत्ते, तसंच विशेष गरजांच्या मुलींना दरमहा २०० रुपये, वर्षाचे १० महिने. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर तेही अडकतात.

हा पैसा नोंदीमागून येतो. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत मुलाच्या नावापुढे ‘विशेष गरज’ या रकान्यात काय भरलंय, ते मुख्याध्यापकांसमोर बसून पाहा. प्रवेशाच्या वेळी घाईत ‘नाही’ भरलेलं असलं, तर पुढच्या वर्षाच्या आराखड्यात मूल मोजलंच जात नाही. संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. त्याआधी दुरुस्ती करून घ्या.

सोबत स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा. त्यात दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. मग मनपा शिक्षण विभागातल्या समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सिन्नर-दिंडोरीकडच्या पालकांनी तो गट साधन केंद्रात, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्यातल्या केंद्रात द्यावा. फिरते विशेष शिक्षक तिथूनच येतात. त्यांच्याकडे अनेक शाळा असतात, रोज येतील अशी अपेक्षा नको. म्हणून वर्गशिक्षकांनी काय करायचं ते त्यांच्याकडून लिहून घ्या.

यंत्र मिळालं की काम संपलं असं समजू नका. मूल वाढतं तसा कानातला साचा सैल होतो, यंत्र शिट्टी वाजवतं, मुलं हसतात आणि यंत्र दप्तरात जातं. नव्या साच्याची आणि बॅटऱ्यांची मागणी अर्जात आधीच घाला. महापालिकेचा ५ टक्के दिव्यांग कल्याण निधीही आहे, तिथेही विचारा.

प्रश्न : खासगी इंग्रजी शाळा ‘शॅडो टीचर’चा (वर्गात मुलीसोबत बसणाऱ्या शिक्षिकेचा) खर्च आमच्याकडून मागते. मुलगी स्वमग्न आहे.
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : विनाअनुदानित शाळेला समग्र शिक्षेचा हा निधी नाही, म्हणून भार पालकांवर येतो. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतल्या प्रवेशातही सरकार फी भरतं, सोबतच्या शिक्षिकेचा पगार नाही. तरीही शाळा मान्यताप्राप्त आहे. भेदभाव न करता प्रवेश आणि वाजवी सोयी ही दिव्यांग हक्क कायद्याची अपेक्षा तिलाही लागू आहे. ‘शिक्षिका आणा, नाहीतर दाखला न्या’ असं तोंडी सांगितलं, तर तेच लेखी मागा. रोज सगळे तास माणूस लागतोच असं नाही. कोणत्या तासाला, कशासाठी लागतो, ते थेरपिस्टकडून लिहून घेऊन तेवढ्यावरच बोलणी करा.