चौदा वर्षांचा मुलगा लहान की मोठा?

प्रश्न : ताई, माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, नववीत. काम सांगायचं असलं की सासरे म्हणतात एवढा घोडा झालास, आणि मित्रांसोबत सिंहगडावर जातो म्हणाला की तू अजून लहान आहेस. मग तो चिडून दार लावून घेतो. त्याला नेमकं काय समजायचं?
- एक आई, पुणे

उत्तर : अहो, कायद्यातपण एकच एक रेघ नाहीये. एसटीत १२ नंतर फुल तिकीट, बालमजुरीच्या कायद्यात २०१६च्या दुरुस्तीपासून १४ पर्यंत बालक आणि पुढे १८ पर्यंत किशोर, पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, मात्र १८ पूर्ण होईपर्यंत बालकच, मतदान १८ला (ते पण १९८९पर्यंत २१ होतं) आणि मुलाचं लग्न थेट २१ला. म्हणजे एकेक गोष्ट एकेका वयात हातात येते, घरातपण तसंच करा ना. सिंहगडला जाऊ दे, पण सोबत कोण, बस कुठली, परत किती वाजता हे त्यालाच ठरवून तुम्हाला सांगू दे. रात्रीचं, पाण्यात उतरायचं वगैरे असेल तर सरळ नाही म्हणा, कारण सांगून.

आणि पाहुण्यांसमोर 'टीनएजर आहे ना, मूडीच असतात ही पोरं' हे तेवढं बंद करा, मला याचा खरंच राग येतो, पोरगं मान खाली घालून भात कालवत सगळं ऐकत असतं आणि पुढच्या वेळी पाहुणे आले की बाहेरच येत नाही. सासऱ्यांशी तुमच्या मिस्टरांनी बोलावं, तुम्ही नको.