जुन्या ऐतिहासिक नक्षीचा आजच्या डिझाइनला कॉपी करण्यापलीकडे काही उपयोग आहे का?

आहे की! पण "कॉपी करण्यापलीकडे" वाचलं आणि राहवलं नाही, कारण माझे एक जुने बॉस दर मीटिंगला हेच ऐकवायचे.

मी कापड आणि वॉलपेपरची डिझाइनं करते. एका क्लायंटला कोयरीचा वॉलपेपर हवा होता. बॉसनी जुन्या काश्मिरी शालीचा फोटो आणला, त्यातली एक कोयरी उचलून चौकोनात बसवली आणि म्हणाले, आता कॉपी-पेस्ट करून भिंत भर, झालं डिझाइन. मी म्हटलं सर, सरळ रांगेत लावलं तर पट्टे दिसणार, कारण सगळ्यांची टोकं एकाच बाजूला वळलेली, त्या वळणाखालची रिकामी जागा शेजारच्या कोयरीखालच्या तशाच जागेला जाऊन मिळते, स्क्रीनवर एक तुकडा बघताना कळत नाही पण अख्ख्या भिंतीवर आडवे पांढरे पट्टे उठतात. हाफ ड्रॉप करू, म्हणजे एकाआड एक उभी रांग अर्ध्या रिपीटने (पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याच्या अर्ध्या उंचीने) खाली सरकवू. तर म्हणे हे जुनाट नखरे, आपल्याला मॉडर्न पाहिजे. छापलं, लावलं, क्लायंट चार पावलं मागे सरकला आणि पहिला प्रश्न, "हे पट्टे मुद्दाम दिलेत का?" मग खापर कोणावर? "फाइल हिने केली होती."

तर जुन्या नक्षीतून मोटिफ, म्हणजे एखादा सुटा आकार, उचलणं हा तिचा सगळ्यात फालतू उपयोग. घ्यायची ती रचना. ओवेन जोन्स या इंग्रज डिझायनरने 1856 सालीच 'ग्रामर ऑफ ऑर्नामेंट' या पुस्तकात हे सांगितलंय. 100 रंगीत चित्रपानं दिली, पण सोबत 37 तत्त्वंही दिली, नुसती नक्कल नको म्हणून. लोकांनी पानं वापरली, तत्त्वं तशीच सोडून दिली. डच चित्रकार एशरचं बघा ना, 1922 मध्ये आणि परत 1936 मध्ये तो स्पेनच्या अल्हाम्ब्रा महालात गेला, तिथल्या टाइल्स वहीत उतरवल्या, आणि मग पोल्या या गणितज्ञाचा 1924 चा पेपर अभ्यासला, ज्यात सपाट पृष्ठभागावर नक्षी रिपीट व्हायचे 17 च प्रकार असतात हे दाखवलंय. त्यातून काय निघालं, तर एकमेकांत फटही न ठेवता बसणारे पक्षी आणि पाली! अल्हाम्ब्रात पाल शोधून दाखवा. याला म्हणतात प्रभाव.

आणि ती कोयरी तरी काय नुसतं चित्र होतं का? काश्मीरचे कानी शाल विणणारे 'तालीम' नावाचा सांकेतिक कागद वाचून विणायचे, कुठल्या रंगाचा धागा किती ताण्यांवरून न्यायचा हे त्यात खुणांनी लिहिलेलं असतं. म्हणजे नक्षी ही मुळात लिहून ठेवलेली सूचना. फ्रान्सच्या जॅकार्डने 1804 च्या सुमारास मागावर भोकांची कार्डं लावली, कुठले धागे उचलायचे हे भोकं सांगायची, त्यातही तेच तत्त्व आहे. बॉसना मात्र चित्र दिसलं, उचलायला सोपं.

मिनिमलवाले, म्हणजे साधंच हवं म्हणणारे, आता आर्किटेक्ट अडॉल्फ लूसचं नाव घेतील, नक्षी म्हणजे गुन्हा वगैरे. त्यांनी त्याची व्हिएन्नातली इमारत बघावी, खालचे मजले हिरव्या शिरांच्या संगमरवराने मढवलेत. नक्षी बंद केली, मग दगडाच्या शिरा कशासाठी हो?

बॉसचं एक खरं होतं, तेही सांगून टाकते. हाफ ड्रॉपचा वॉलपेपर लावताना पट्ट्या जुळवायला कागद जास्त वाया जातो, आणि मोटिफमधलं अंतर चुकलं तर आडव्याऐवजी तिरपे पट्टे उठतात. शिवाय काही डिझाइनना सरळ रांगच शोभते, चौकडी असेल तर उगाच खाली सरकवू नका.

तुम्ही शिकत असाल तर इलस्ट्रेटर या डिझाइन सॉफ्टवेअरच्या पॅटर्नमध्ये 'ब्रिक बाय कॉलम' निवडा, हाफ ड्रॉप तोच. निदान चार-पाच रिपीट एकत्र छापून भिंतीला चिकटवा आणि लांबून डोळे किलकिले करून बघा, पट्टा असेल तर लगेच दिसतो. आणि वर असा साहेब बसला असेल तर तोंडी वाद घालू नका, मेल टाका. मी टाकली होती, अजून ठेवलीये.