गटारीतून वाचलेला सुभेदार

प्रश्न : आमच्याकडे सुभेदार नावाचा गावठी कोंबडा होता. चार वर्षांचा, लाल-काळा, तुरा एका अंगाला कललेला. मी पडवीत तांदूळ निवडायला बसले की सुपाशी येऊन उभा राहायचा, पण सुपात चोच कधी घातली नाही. खाली पडलेला दाणा दिसला की कुट्‌कुट् करून कोंबड्यांना बोलवायचा. सासऱ्यांचा त्याच्यावर डोळा, म्हणून दर गटारीला मी त्याला पिशवीत घालून माहेरी नेऊन ठेवायची. गेल्या मंगळवारी भरदुपारी आगरात मुंगूस शिरलं. मी धावत पोचेपर्यंत त्याच्या मानेला चावा बसला होता. पाचही कोंबड्या वाचल्या, तो संध्याकाळी गेला. फणसाखाली पुरला. सासरे म्हणाले, ‘‘तेव्हाच ऐकलं असतंस तर रस्सा तरी झाला असता.’’ तिसरीतला मुलगा ताटावर बसला की रडतो. दोन कोंबड्यांनी अंडी बंद केलीत, एक खुडूक झाली आहे. लगेच दुसरा कोंबडा आणू का? आणि कोंबड्यासाठी एवढं रडणं हा वेडेपणा आहे का?
– एक वाचक, ता. दापोली

उत्तर : ताई, वेडेपणा अजिबात नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा पशुसंवर्धन खात्यातून आम्हाला तिकडे पाठवलं होतं. पोल्ट्रीवाल्यांबरोबर घरोघरची गावठी कोंबडीही मारावी लागली. एका आजींनी कोंबड्याच्या भरपाईच्या कागदावर अंगठा दिला आणि मला विचारलं, ‘‘यात त्याचं नाव कुठं लिहिलंस?’’ कागदावर फक्त नग होते. मी मान खाली घालून पुढच्या घरी गेलो. तेव्हा रडायचं तेवढं रडा. सासऱ्यांना मात्र एवढं सांगा, की चार वर्षांचा गावठी कोंबडा शिजवायला लाकडाची अख्खी मोळी लागली असती, आणि रस्सा झाला असता तरी दात कोणाचे टिकले असते!

आता अंडी. हा भाग मी तुम्हाला त्याच रात्री फोनवर सांगितला, कारण अंक हातात पडेपर्यंत मुदत टळली असती. बाकीच्यांसाठी पुन्हा लिहितो. कोंबड्याचं बीज कोंबडीच्या अंगात बरेच दिवस टिकतं. तो गेल्यावरही आठ-दहा दिवस फलित अंडी मिळू शकतात, एखाद्या कोंबडीची त्याहूनही पुढे. खुराड्यात दुसरा नर नाही, म्हणजे अंडी त्याचीच. खुडूक कोंबडी अंडी उबवायला आयती बसलेलीच आहे. आठवड्याच्या आतली, न धुतलेली, तडा नसलेली अंडी घ्या, फ्रिजमधली नकोत. अंधार पडल्यावर तिच्याखाली सरकवा. गावठी कोंबडी दहा-बारा अंडी सहज झाकते. रवणीला, म्हणजे उबवायला, बसल्यापासून २१ दिवसांनी पिल्लं निघतात. सातव्या-आठव्या रात्री खोली अंधारी करून अंडं टॉर्चवर धरा : आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरलाय, नुसतं पिवळट उजळलं तर काढून टाका. टॉर्च मुलाच्या हातात द्या. त्याने पुरताना पाहिलं आहे, त्यामुळे ‘तो गावाला गेला’ वगैरे त्याला सांगू नका.

हे सगळं तो मुंगसाने मेला म्हणून सांगतोय. मानमोडीने, म्हणजे राणीखेतने गेला असता, हिरवट हगवण, वाकडी मान, घरघर असं काही असतं, तर एकही अंडं रवणीला घालू दिलं नसतं.

कोंबडा नसला की अंडी बंद होतात, हा आपल्याकडचा जुना गैरसमज. अंडी घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, पिल्लं हवी असतील तरच लागतो. तुमच्या दोघी घाबरून थांबल्या आहेत. पाणी, नेहमीचं खाणं, थोडा शिंपल्यांचा चुरा आणि शांतता एवढं द्या, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक परत सुरू होतील. मात्र त्यांचा पहारेकरी गेलाय, हे खरं आहे. चांगला कोंबडा वर घार दिसली तर एक आवाज काढतो, जमिनीवरून कुत्रं-मुंगूस आलं तर वेगळा, आणि कोंबड्यांना तो फरक कळतो. दाणा दिसल्यावर स्वतः न खाता बोलावणं हीही त्यातल्या चांगल्यांचीच सवय. सगळे तसे नसतात. काही नुसते दांडगे असतात, मुलांच्या पायांना टोचतात. तुमचा सुभेदार नावाला शोभणारा होता.

मुंगूस परत येणार. ते दिवसाचं जनावर, आणि तुमची जागा त्याने पाहून ठेवली आहे. घरी कोणी नसेल तेव्हा कोंबड्या आत कोंडा. खुराड्याला अर्धा इंची जाळी ठोका, दाराखालची फट चिऱ्याने बुजवा. विष किंवा फास लावू नका. मुंगसाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि विष शेवटी तुमच्याच मांजराच्या नाहीतर कुत्र्याच्या पोटात जातं.

दुसरा कोंबडा आत्ता आणू नका. बाजारातला परका मोठा नर घाबरलेल्या कोंबड्यांना आणखी पळवेल, वर रोग आणेल तो वेगळाच. आणायचाच झाला तर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवून, खाणं-हगणं पाहून मगच सोडा. पिल्लं निघाली तर गरजच नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना लासोटाचा, म्हणजे राणीखेतच्या पहिल्या लशीचा, थेंब, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास राणीखेतचं इंजेक्शन. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा, कारण लशीची बाटली एकदा उघडली की लगेच संपवावी लागते. शेजारपाजारची पिल्लंही त्याच दिवशी न्या.

आणि एक गोष्ट घरात आत्ताच बोलून घ्या. निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर असणार. चार-पाच महिन्यांचे झाले की ते एकमेकांना रक्तबंबाळ करतील. पाच कोंबड्यांना एक नर पुरतो. कोणता ठेवायचा ते मुलाला ठरवू द्या. उरलेले कोणाला दिलेत तर ते तिथे ताटात जाणार, हे धरून चाला. हे मुलाला सांगण्याचं काम सासऱ्यांवर सोडू नका.