रॉड टाकल्यावर जखमेतून पू येतो, गोळ्यांनी थांबतो आणि परत सुरू होतो. असं का?

मोटारसायकलवरून पडून तुमच्या भावाचं नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं आणि रॉड टाकून आठ महिने झालेत, असं तुम्ही लिहिलंय. मी अस्थिरोग विभागात काम करतो. एक्स-रे न बघता निदान करणार नाही, पण हा हाडातला जंतुसंसर्ग, म्हणजे ऑस्टिओमायलायटिस, असण्याची शक्यता बरीच आहे.

गोळी रक्तातून पोचते. संसर्गाने हाडाचा जो तुकडा मरतो, त्याला रक्तच नसतं. शिवाय रॉडवर जंतू चिकट थर धरून बसतात. गोळ्यांनी भोवतालचे जंतू मरतात, पू थांबतो, कातडी मिटते, मेलेलं हाड मात्र आत तसंच. म्हणून ‘जखम सुकली’ यावर मी फारसा विसंबत नाही.

आता गोळ्या बदलत बसण्यापेक्षा कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ते कुठले आणि कुठल्या औषधाने मरतात हे बघायची तपासणी, नीट करा. जखमेच्या तोंडावरचा पू बोळ्याने पुसून केलेलं कल्चर बऱ्याचदा फसवं निघतं. नमुने ऑपरेशनमध्ये आतून, हाडातूनच, चार-पाच ठिकाणचे घ्यायला हवेत. रुग्ण स्थिर असेल तर डॉक्टर त्याआधी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक थांबवतात (स्वतःच्या मनाने थांबवू नका). आपल्याकडे टीबीची तपासणीही त्यातच करून घ्यावी.

ऑपरेशनमध्ये मेलेलं हाड खरवडतात, ताज्या रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत. तिथे हात आखडला की दुखणं परत येतं. पोकळीत अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचे मणी ठेवता येतात. हाड जुळलं असेल तर रॉड काढतात. नसेल तर बहुधा रॉड काढून हाड धरून ठेवायला पायाभोवती बाहेरून धातूच्या रिंगा लावतात. मोठा तुकडा काढावा लागला तर सायबेरियातल्या कुर्गानच्या डॉ. इलिझारोव्ह यांची पद्धत आहे: हाड वेगळ्या जागी कापून रोज १ मिलिमीटर सरकवायचं, मागे नवं हाड तयार होतं. ५ सेंटिमीटरला सरकवण्यातच ५० दिवस, पक्कं व्हायला आणखी काही महिने. रिंगा घेऊन वावरणं कंटाळवाणं असतं, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

त्यानंतर अँटिबायोटिक साधारण सहा आठवडे. ते शिरेतूनच हवं असं नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ओव्हिवा चाचणीत, १,०५४ रुग्णांमध्ये, योग्य निवडलेल्या गोळ्या इंजेक्शनपेक्षा कमी ठरल्या नाहीत. कुठली गोळी, हे कल्चरच ठरवणार.

भाऊ सिगारेट ओढत असेल किंवा तंबाखू खात असेल, तर ते आजच बंद करा, साखरही तपासा. थंडी वाजून ताप आला किंवा पाय झपाट्याने लाल होऊन सुजला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत न्या.